दोनशेपैकी दोनशे

संस्थेत तिला सगळे खडेबाई म्हणत. तोंडावर नुसतं ‘बाई’ आणि पाठ वळली की खडेबाई. तिला ते माहीत होतं आणि तिची त्याला हरकतही नव्हती. माणसाला कशावरून तरी नाव पडतंच. कुणाला पोटावरून पडतं, कुणाला चालीवरून. तिला कामावरून पडलं, हे त्यातल्या त्यात बरंच म्हणायचं.

तिचं काम असं होतं. अंटार्क्टिकाच्या बर्फाळ समुद्रात, पार तळाशी, एक माणसाएवढा लांब मासा राहतो. त्याचं शास्त्रीय नाव जिभेला व्यायाम देणारं आहे, म्हणून संस्थेत त्याला नुसतं ‘दात्या’ म्हणत. जहाजं हजारो गळ लावलेले मैल-मैल लांब दोर पाण्यात सोडतात आणि दात्याला वर ओढतात. प्रत्येक जहाजावर एक निरीक्षक असतो. आलेल्या माशांतले काही तो बाजूला घेतो, त्यांच्या डोक्यातून कानाचे दोन खडे काढतो आणि छोट्या कागदी पाकिटात घालून संस्थेकडे पाठवतो. माशाच्या कानात खडा जन्मतःच असतो, आपल्याला तो अनुभवानं लावून घ्यावा लागतो, हा विनोद खडेबाईनं सव्वीस वर्षांत इतक्या पाहुण्यांकडून ऐकला होता की आता ती हसायचे कष्टही घेत नसे.

या खड्यात वर्षाला एक कडं वाढतं, झाडाच्या बुंध्यात वाढतं तसं. खडा भाजायचा, राळेत बसवायचा, हिऱ्याच्या पात्यानं मधोमध कापायचा, घासून पातळ करायचा, काचेच्या पट्टीवर चिकटवायचा आणि मायक्रोस्कोपखाली मधल्या ठिपक्यापासून कडेपर्यंत कडी मोजत जायचं. डाव्या हातात लोखंडी काउंटर. एक कडं, अंगठ्याची एक टिचकी. अठरा टिचक्या म्हणजे अठरा वर्षांचा मासा. मग पाकिटावर आकडा लिहायचा आणि पुढचा खडा घ्यायचा. दिवसाला आठ-दहा खडे, कारण भाजण्या-कापण्या-घासण्यातच दिवस जाई आणि संध्याकाळी मान संपावर जाई.

एवढा उपद्व्याप कशासाठी, तर म्हाताऱ्या माशांसाठी. मोजणीत म्हातारे मासे येत राहिले तर समुद्राला मासेमारी सोसते आहे. म्हातारे कमी कमी होत गेले तर आपण ओरबाडतो आहोत. दरवर्षी देशादेशांची बैठक भरे आणि पुढच्या मोसमात किती टन मासा पकडायचा ते तिथे ठरे. त्या बैठकीच्या जाडजूड अहवालात एका तक्त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं असे, ‘वाचक क्रमांक दोन’. ती खडेबाई. तिनं तो बर्फाळ समुद्र कधी पाहिला नव्हता आणि पाहणारही नव्हती. साध्या खाडीच्या होडीत तिला उलट्या होत.

वाचक क्रमांक एक म्हणजे तिचे गुरुजी. पूर्वी प्रत्येक खडा दोघं वेगवेगळे मोजत आणि मग आकडे ताडून बघत. गुरुजी सात वर्षांपूर्वी निवृत्त झाले. त्यांची जागा भरायचं ‘बघू’ म्हणून ठरलं, आणि संस्थेत एकदा ‘बघू’ म्हटलं की ते बघणं किती वर्षं चालेल ते कुणीच सांगू शकत नसे. तेव्हापासून बाई एकटी मोजत होती. तिची पारख करायला एकच गोष्ट उरली होती, परीक्षेचा ट्रे.

लाकडी ट्रे, त्यात दोनशे काचपट्ट्या. या दोनशे खड्यांचं वय चार प्रयोगशाळांनी मिळून फार पूर्वी नक्की केलेलं. दरवर्षी वाचकानं यादी न बघता हा ट्रे मोजायचा. दोनशेपैकी एकशेऐंशी जुळले तर पास. नाही जुळले, तर त्या वाचकाची चूक जेव्हापासून सुरू झाली तेव्हापासूनचं त्याचं सगळं काम बाद. हा नियम खडेबाईनंच लिहिला होता, अठरा वर्षांपूर्वी, आणि त्याच्या जोरावर दोन माणसांना घरी पाठवलंही होतं. त्यातला एक तर जाताना रडला होता. बाई बधली नव्हती. ‘समुद्राला रडता येत नाही म्हणून आपण त्याच्या वाटचं कडक व्हायचं,’ असं काहीतरी ती तेव्हा बोलून गेली होती, आणि नंतर कितीतरी दिवस लोक तिच्याकडे बघून तेच वाक्य म्हणत.

तिची स्वतःची परीक्षा मात्र बघण्यासारखी असे. दोनशेपैकी दोनशे. गेली बारा वर्षं ओळीनं. कुणीतरी त्याची पाटी करून तिच्या खिडकीशेजारी लावली होती.

मधे एकदा डोळ्यांनी दगा दिला होता. सहा वर्षांपूर्वी मोतीबिंदू झाला, दोन्ही डोळ्यांत. नवऱ्यानं धरून नेलं आणि ऑपरेशन करून आणलं. नवरा पाणीपुरवठ्यात पंप चालवायचा. ‘गाळणी तुंबली की बदलायची, त्यात रडायचं काय?’ एवढंच त्याचं वैद्यकशास्त्र. ऑपरेशननंतर बाईला पंख्यावरची धूळ दिसली, आरशातल्या सुरकुत्या दिसल्या आणि मायक्रोस्कोपखाली तर जणू कुणी पुसून ठेवल्यासारखं लख्ख दिसायला लागलं. म्हाताऱ्या खड्यांच्या कडेला, जिथे कडी दाटीवाटीनं असतात, तिथे दोन कड्यांच्या मधल्या बारीक रेषासुद्धा. पूर्वी आपल्याकडून या सुटत होत्या, असं म्हणून ती त्याही मोजू लागली. त्या वर्षीच्या परीक्षेतही दोनशेपैकी दोनशे आले. डोळे नवे झाले आणि हात जुनाच राहिला, म्हणून सगळ्यांनी तिचं कौतुक केलं.

आता तिच्या निवृत्तीला तीन आठवडे उरले होते आणि तिच्या जागेसाठी एकीला सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं. ती चौतिशीची होती, तिला चार वर्षांची मुलगी होती, आणि संस्थेत कुणी नवं आलं की जुनं होईपर्यंत त्याचं नाव नवी किंवा नवा. तर ही नवी. तिला कायम करायचं तर तिचे तीनशे खडे बाईच्या आकड्यांशी जुळायला हवे होते. शुक्रवारी फॉर्म भरून द्यायचा होता, आणि ते काही केल्या जुळत नव्हते.

पंधरा वर्षांपर्यंतचे मासे बरोबर जुळत. त्यापुढे घोडं अडे. बाई म्हणे अठ्ठावीस, नवी म्हणे चोवीस. बाई म्हणे पंचेचाळीस, नवी अडतिसाच्या पुढे जायला तयार नाही.

सोमवारी बाईनं हात टेकले. “अगं, कडेला नीट बघ. घाई करतेस तू. मुलीला आणायचं असतं ना, लक्ष घड्याळाकडे असतं.”

“बाई, घड्याळ मी पर्समध्ये ठेवते. कडेच्या त्या बारीक रेषा मला कडी वाटत नाहीत. त्या पूर्ण फिरत नाहीत, मधेच विरतात.”

“तुला वाटत नाहीत! सव्वीस वर्षं मी डोळ्यांत तेल घालून मोजतेय.”

नवी गप्प बसली. तिला ही नोकरी हवी होती आणि ते तिच्या गप्प बसण्यात दिसत होतं. बाईला तिची दयाही आली आणि रागही आला. थकलेल्या माणसाला या दोन गोष्टी एकदमच येतात. शेवटी तिनं कपाटातून परीक्षेचा ट्रे काढला. या वर्षीची तिची परीक्षाही राहिलीच होती. हातच्या कांकणाला आरसा कशाला! “माझ्या शेजारी बस,” ती म्हणाली. “मी कशी मोजते ते बघ आणि सांगते ते लिहून घे. मग बोल.”

ती एकेक पट्टी लावत गेली आणि आकडा सांगत गेली. बावीस. नऊ. एकतीस. सव्वीस. नवी लिहीत होती. चाळीसेक झाल्यावर तिनं यादीशी ताडून पाहिलं, सगळे बरोबर. बाईनं खुर्चीत मागे टेकून मान मोडली. “पटलं?”

नवीनं पेन खाली ठेवलं. मग हळूच म्हणाली, “बाई, रागावू नका. काउंटर वाजला नाही.”

“म्हणजे?”

“तुम्ही रोज मोजता तेव्हा टिचक्या ऐकू येतात. सहा महिने ऐकतेय, आता घरी कानात वाजतात. आत्ता एकही वाजली नाही. तुम्ही पट्टी लावलीत, बघितलंत आणि सांगितलंत. मोजलं नाहीत.”

“उचलली जीभ, लावली टाळ्याला!” बाई कडाडली. ट्रे बंद केला आणि नवीला तिनं वेळेआधीच घरी पाठवलं.

घरी नवरा गुडघ्यांना तेल चोळत बसला होता. तिनं चहा टाकला आणि सगळं सांगितलं, म्हणजे नवीच्या उद्धटपणाबद्दल. तो नेहमीप्रमाणे ऐकतो आहे की नाही ते कळू न देता ऐकत होता.

“पंपाचं असं असतं बघ,” तो म्हणाला. “आवाज सुरू असेपर्यंत कुणाचं लक्ष नसतं. बंद पडला की झोपेतून जाग येते. पोरीला जाग आली एवढंच. मग वाजला होता का?”

“काय?”

“काउंटर गं.”

चहा उतू गेला तो बाईनं पुसला. तिला ट्रेमधली प्रत्येक पट्टी डोळ्यांसमोर दिसत होती. कोपरा उडालेली होती ती एकतीस. राळेत मसुराएवढा बुडबुडा होता ती बावीस. चहाच्या डागासारखा तपकिरी डाग होता ती सव्वीस. सव्वीस वर्षं त्याच दोनशे जणी. त्यांची तिला खडान्खडा माहिती होती. घरातल्या माणसांची वयं कुणी दात मोजून सांगत नाही. ती आपली माहीत असतात.

मंगळवारी ती सगळ्यांच्या आधी पोचली. फायलीच्या जाड पुठ्ठ्याचा तुकडा घेतला आणि ब्लेडनं त्यात एक अरुंद फट कापली. पट्टीवर पुठ्ठा ठेवला की खड्याचा आकार, कोपरे, डाग सगळं झाकलं जाई आणि मधल्या ठिपक्यापासून कडेपर्यंतची फक्त एक चिंचोळी वाट दिसे. नवी आली तेव्हा बाई म्हणाली, “पट्ट्या पिस आणि मला एकेक लावून दे. नंबर सांगू नकोस. तोंडावरही काही दिसू देऊ नकोस.”

काउंटर वाजू लागला. बारा. यादीत बारा. नऊ, यादीत नऊ. बाईला जरा धीर आला. मग तिनं एकतीस टिचक्या दिल्या आणि ‘एकतीस’ म्हणाली. नवीनं यादी पाहिली आणि काही न बोलता लिहिलं.

“किती आहे?”

“पुढचं घ्या ना बाई.”

“किती आहे ते सांग.”

“सव्वीस.”

बाईनं पुठ्ठा उचलून पाहिला. तपकिरी डाग. त्या पट्टीला तिनं बारा वर्षं सव्वीस म्हटलं होतं आणि आज पहिल्यांदा मोजलं होतं.

चाळीसांपैकी एकोणीस जुळले. नवी म्हणाली, थांबू या. बाई म्हणाली, दोनशे म्हणजे दोनशे. त्याला बुधवारची दुपार उजाडली. जेवणाचा डबा तसाच राहिला. दोनशेपैकी एक्क्याण्णव जुळले. मग नवीनं तोच पुठ्ठा लावून तोच ट्रे मोजला आणि तिचे एकशे अठ्ठ्याऐंशी जुळले.

कधीपासून, हे शोधायला वेळ लागला नाही. नवीनं ड्रॉवरमधून आठ वर्षांपूर्वीचे काही खडे काढून दिले. बाईनं तेव्हा चोवीस लिहिलेला खडा आता अठ्ठावीस निघत होता. पाच वर्षांपूर्वीचे काढले. तेव्हाही अठ्ठावीस आणि आताही अठ्ठावीस. सांधा बरोबर ऑपरेशनच्या महिन्यात होता. म्हातारपणी नजर जाते म्हणून लोक चुकतात. हिची नजर आली आणि ही चुकली. नशीब एखाद्याची थट्टा करायची ठरवतं तेव्हा कसर ठेवत नाही.

पण बाईच्या मनात आता नशीब नव्हतं, सीलवाला होता.

सीलवाला म्हणजे संस्थेतलाच एक संशोधक. दर उन्हाळ्यात दोन महिने तो अंटार्क्टिकाच्या बर्फावर तंबूत राही आणि सील माद्यांची, त्यांच्या पिल्लांची वजनं करी. या सीलांचं मोठं खाणं म्हणजे दात्या. चार वर्षं तो सांगत होता की माद्या रोडावल्यात, पिल्लं हलकी भरताहेत, खाली मोठा मासा उरलेला दिसत नाही. आणि चार वर्षं बैठकीत त्याला एकच उत्तर मिळे: मासा आहे, हा बघा वयाचा तक्ता, म्हातारे मासे जसेच्या तसे आहेत, कुठेतरी पाणी मुरतंय ते तुमच्या वजनांत. दोन वर्षांपूर्वी तो बाईच्या खोलीत आला होता. उन्हानं आणि बर्फानं नाक सोललेलं. दारातच उभं राहून म्हणाला होता, “बाई, आकडे नक्की ना? राग मानू नका, पण मला विचारायलाच हवं.”

बाईनं शब्द न बोलता खिडकीशेजारच्या पाटीकडे बोट दाखवलं होतं. दोनशेपैकी दोनशे. तो ‘माफ करा’ म्हणून गेला होता. त्या दिवशी ती घरी जाऊन नवऱ्याला हसत सांगत होती की आज सीलवाल्याची कशी जिरवली.

गुरुवारी ती मोठ्या मॅडमकडे गेली. मोठ्या मॅडम विभागप्रमुख होत्या, बाईपेक्षा दहा वर्षांनी लहान, आणि त्यांच्या टेबलावर अर्धे प्यालेले चहाचे दोन कप कायम असत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढून डोळे चोळले.

“अहवाल गेलाय, बाई. बैठक बारा दिवसांवर आलीय.”

“माहितीय मॅडम.”

“अकरा हजार खडे. ते परत मोजायचे?”

“पंधरा वर्षांच्या वरचे. साडेचार हजार होतील.”

मॅडमनी चहाचा एक कप बाजूला सरकवला. “असं करता येईल,” त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजावरून कळत होतं की त्यांनाही ते फारसं करायचं नाही. “तुमची या वर्षीची परीक्षा झालीच नाही असं धरू. तुम्ही निवृत्त व्हा. पुढच्या वर्षी मी ‘मोजणीच्या पद्धतीत बदल’ म्हणून हळूहळू दुरुस्ती घालते. तुमचं नाव कुठे येणार नाही. सव्वीस वर्षं काम केलंत, शेवटच्या दिवसांत हे कशाला?”

“आणि नवी?”

“तुमच्याशी जुळत नाही, तर कागदोपत्री तिला ठेवू कशी? दुसरं कुणी बघू.”

पुन्हा ‘बघू’.

खरं सांगायचं तर बाईला ते हवं होतं. तिची मान दुखत होती, पाठ दुखत होती, आणि इतकी वर्षं एका डोळ्यानं जगाकडे बघून तिला जगाचाच कंटाळा आला होता. पाटी काढून पिशवीत घालावी, घरी जावं, नवऱ्याशेजारी बसून गुडघे चोळावेत. कुणाला कळणार नव्हतं. मासे तर काही बोलत नाहीतच. त्या रात्री तिनं नवऱ्याला विचारलं, “अहो, मूग गिळून बसले तर काय होईल हो?” तो म्हणाला, “काही नाही होणार. मला मात्र रोज ऐकावं लागेल.” त्याला तिचा सहवास चाळीस वर्षांचा होता.

शुक्रवारी सकाळी तिनं ट्रेच्या परीक्षेचे दोन फॉर्म भरले. पहिल्यावर नवीचं नाव: एकशे अठ्ठ्याऐंशी, जुळले. दुसऱ्यावर ‘वाचक क्रमांक दोन’: एक्क्याण्णव, न जुळले. दोन्हींच्या खाली तपासनीस म्हणून तिचीच सही. ‘न जुळले’ लिहिताना तिला तो रडत गेलेला माणूस आठवला. त्याचे एकशे एकाहत्तर जुळले होते.

मोठ्या मॅडमनी फॉर्म दोनदा वाचला.

“हा गेला की सहा वर्षांचा तक्ता आपोआप बाद होतो, बाई. अहवाल मागे घ्यावा लागेल मला.”

“नियम मीच लिहिलाय, मॅडम.”

मॅडमनी शिक्का मारला, दोन्हींवर. रागावल्या असाव्यात किंवा सुटल्यासारखं वाटलं असावं, चेहऱ्यावरून कळलं नाही. “चार वाजता तुमचा निरोपाचा चहा आहे,” एवढंच म्हणाल्या. “तिसऱ्या आठवड्यापर्यंत थांबलो तर मी बैठकीला गेलेली असेन, म्हणून आजच ठेवलाय.”

चहाला पंचवीस-तीस माणसं होती. नवी बिस्किटं वाढत होती. तिला कळलं होतं आणि ती बाईच्या नजरेला नजर देत नव्हती, जणू तिनंच काही चोरलं होतं. ज्यांना कळलं होतं ते चहात बघत होते. ज्यांना कळलं नव्हतं त्यांनी भाषणं केली. हिशेबविभागातल्या एका भल्या माणसानं तर पाटी भिंतीवरून काढून सगळ्यांना दाखवली आणि म्हणाला, “बारा वर्षं दोनशेपैकी दोनशे! अशी माणसं आता होणे नाही.” टाळ्या झाल्या. बाई उभी राहिली आणि तिनं ती पाटी घेऊन टेबलावर पालथी ठेवली. बोलायला उभी राहिली होती, पण तिला एवढंच बोलता आलं: “माझं मोजण्यात चुकलंय. सहा वर्षांचं. सगळ्यांना कळेलच.” मग ती खाली बसली. थोड्या वेळानं लोक पांगले.

सीलवाला शेवटी आला. नाक आता सोललेलं नव्हतं, नेहमीसारखं होतं, आणि त्यामुळेच तो क्षणभर ओळखू आला नाही. तो शेजारची खुर्ची ओढून बसला.

“मॅडमनी सांगितलं,” तो म्हणाला.

बाईनं दोन दिवस मनात घोळवलेलं वाक्य तिला आठवेना. “मी तुम्हाला खोटं पाडलं,” ती म्हणाली. “चार वर्षं.”

“तुम्ही कशाला पाडताय? मीच पडलो.” तो थकलेलं हसला. “मला वाटलं, माझा वजनकाटाच बिघडलाय. थंडीत बिघडतात ते. तीन काटे बदलले मी. पिल्लं हलकीच भरायची. मग वाटलं, काट्यात नाही तर माझ्यातच काहीतरी आहे. दोनशेपैकी दोनशे म्हणजे काय गंमत आहे?”

“आता माझा तक्ता बाद झाला. तुमची वजनं धरतील. या वर्षीची बैठक...”

“धरतील. तीन वर्षांची धरतील.”

“चार ना?”

तो चहाच्या रिकाम्या कपाकडे बघत होता. “गेल्या उन्हाळ्यात मी गेलोच नाही, बाई. काय तोंडानं जाणार होतो? तंबू, माणसं, विमान, सगळं मागायचं, आणि कशासाठी, तर चुकीची वजनं आणायला. मीच नको म्हणून लिहून दिलं.”

“मग त्या वर्षीची पिल्लं?”

“कुणी मोजली नाहीत.”

तो उठला, जाता जाता ‘डोळ्यांना जपा’ म्हणाला, आणि ते तो मनापासून म्हणाला होता. बाई बसून राहिली. तिचे खडे ड्रॉवरमध्ये होते. चुकले तरी होते, उद्या मोजा, दहा वर्षांनी मोजा, ते हलणार नव्हते. त्या उन्हाळ्यातली पिल्लं बर्फावर आली होती आणि गेली होती. त्यांचं वजन आता कुणालाच, कधीच कळणार नव्हतं. हे कुठल्या फॉर्मवर लिहायचं त्याचा नियम तिनं केलेला नव्हता. तिला रडू आलं आणि तिनं ते येऊ दिलं. नवी कप गोळा करत होती ती थांबली, पण जवळ आली नाही. ते बरंच केलं.

थोड्या वेळानं बाई उठली, आपल्या खोलीत गेली आणि गेल्या उन्हाळ्याचा ड्रॉवर ओढला. दोरीनं बांधलेली पाकिटं, प्रत्येकावर तिच्या सुवाच्य अक्षरात आकडा. तिनं पुठ्ठा मायक्रोस्कोपजवळ ठेवला. सवयीनं स्टुलावर बसायला गेली, मग बाजूला सरकली आणि काउंटर नवीच्या हातात दिला.

“मला आता मोजता येणार नाही. नियमानं. तू मोज, मी लिहिते.”

“बाई, आज? तुमचा निरोप झालाय.”

“मुलीला आणायचंय का?”

“आज तिची आजी आणणारे.”

“मग बस.”

नवी बसली. काउंटर वाजायला लागला, बाईपेक्षा जरा हळू. बाई शेजारी उभी राहून जुना आकडा खोडत होती आणि नवा लिहीत होती. नवरा खाली फाटकापाशी वाट बघून कंटाळला आणि गुडघे धरत वर आला, तेव्हा अकरा खडे झाले होते. जुन्या आकड्यांत त्यातले पाच तिशीच्या पुढचे होते.

“झालं का गं?” त्यानं दारातून विचारलं.

बाईनं नव्या आकड्यांवरून बोट फिरवलं, वरून खाली, मग पुन्हा खालून वर. तिशीच्या पुढचा एकही नव्हता.